पेडण्यातला डीव्हीआर: आमच्या हनीपॉटमुळे समजलेलं एक प्रकरण

पेडणे तालुक्यात किनाऱ्याजवळ एक गेस्ट हाऊस आहे. पावसाळ्यात ते बंद असतं, खोल्यांना कुलूप, फक्त सीसीटीव्ही चालू. भर जुलैमध्ये त्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर रात्रंदिवस दुसऱ्यांच्या मशीनमध्ये घुसायचा प्रयत्न करत होता आणि मालकाला, बोटीवर असलेल्या त्यांच्या मुलाला किंवा इंटरनेट देणाऱ्या कंपनीला याची काहीच कल्पना नव्हती. आम्हाला समजलं कारण ज्या मशीनवर तो येऊन आदळला त्यातलं एक आमचं होतं, आणि ते आम्ही मुद्दाम उघडं ठेवलेलं, हल्ले टिपायचा सापळा म्हणून, म्हणजेच हनीपॉट. गाव, गेस्ट हाऊस, कंपनी यांची नावं देत नाहीये कारण त्यात कोणी गुन्हेगार नाही, बाकी जे झालं ते जसंच्या तसं लिहितोय.

आम्ही मोजकीच माणसं आहोत. दोघं फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेले, एकजण वेर्ण्याला एका फॅक्टरीचं नेटवर्क सांभाळतो, एक टीचर आहेत मांद्र्याच्या बाजूला राहणाऱ्या, हायस्कूलात कॉम्प्युटर शिकवतात, आणि मी. पगार, अनुदान वगैरे काही नाही, संध्याकाळी आणि रविवारी जमेल तसं करतो. इंटरनेटवरच्या हल्ल्यांवर अशी हौसेने पाळत ठेवणारी माणसं जगभर आहेत. १९९९ मध्ये सुरू झालेला हनीनेट प्रोजेक्ट स्वयंसेवकांच्याच जोरावर उभा राहिला, शॅडोसर्व्हर २००४ मध्ये अशाच हौशी लोकांनी चालू केलं, आणि सॅन्स या सायबरसुरक्षा संस्थेच्या डीशील्डला आजही लोक घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरून लॉग, म्हणजे कोण येऊन धडकलं त्याच्या नोंदी, पाठवतात. आम्ही त्यातलेच, गोव्यातले.

आता हनीपॉट कसा असतो ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स आणि कौरी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की इथे एसएसएच आणि टेलनेट, म्हणजे दुरून यंत्रात शिरून कमांड द्यायच्या वाटा, उघड्या असलेलं साधंसं यंत्र आहे. पासवर्ड सोपा, दोनचार प्रयत्नांत मिळतो, आत गेलं की फोल्डर दिसतात, कमांड चालल्यासारखी वाटते, पण सगळं खोटं, खरं शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, नाहीच. आलेला जे टाइप करेल ते सेकंदासकट लिहून ठेवलं जातं, आणि त्याने बाहेरून एखादी फाइल ओढली तर ती कपाटात ठेवल्यासारखी बाजूला पडून राहते, चालवली कधीच जात नाही. यात सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकची. आत येणाऱ्याला येऊ दे, पण आपल्या मशीनवरून दुसऱ्या कोणाला त्रास होता कामा नये, म्हणून ते घरच्या नेटवर्कपासून वेगळ्या व्हीलॅनवर (वेगळं पाडलेलं नेटवर्क), बाहेर जायला फायरवॉलची परवानगी जवळजवळ शून्य, फाइल उतरवायला तेवढी मोजून दिलेली वाट. हे जमत नसेल तर हनीपॉट लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कितीही हौस असली तरी.

बहुतेक लोक हनीपॉट क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर ठेवतात, सोपं पडतं. आम्ही एक म्हापशात, स्थानिक केबल इंटरनेट कंपनीचा स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, घेऊन ठेवला. त्यासाठी महिन्याला थोडे जास्त पैसे जातात पण घरगुती कनेक्शनला तो मुद्दाम मागावाच लागतो, कारण आजकाल एकाच पब्लिक आयपीमागे कितीतरी घरं बसवलेली असतात, बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी थेट पोचूच शकत नाही. आणि आम्हाला नेमकं बघायचं होतं की गोव्यातल्या साध्या कनेक्शनवर काय येऊन धडकतं.

धडकतं ते अखंड. रोजचं बहुतेक परदेशातून, त्यातलं बरंचसं मिराई आणि तिच्या पिल्लावळीचं. मिराई हा यंत्रांमध्ये आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, २०१६ मध्ये आली, राउटर, कॅमेरे, डीव्हीआर असली यंत्रं कंपनीने घातलेल्या मूळ पासवर्डवर पकडायची, तिच्या यादीत असे ६०हून जास्त युजरनेम-पासवर्ड होते. २१ ऑक्टोबर २०१६ ला साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर अशाच यंत्रांनी हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तासन्‌तास उघडेनात. त्याच्या आधीच तिचा सोर्स कोड उघड्यावर टाकलेला होता, म्हणून मिराई बनवणारे पकडले गेले, डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूलही केला, तरीसुद्धा मिराई काही गेली नाही, ज्याला हवं त्याने कोड घेतला, नाव बदललं आणि सोडली.

जुलैमधल्या एका सकाळी लॉगमध्ये एक आयपी दिसला तो आमच्याच केबल कंपनीचा. आमच्या पत्त्यापासून फार लांबचा पण नाही. टेलनेट, पोर्ट २३ (पोर्ट म्हणजे यंत्रात शिरायचं एकेक नंबर दिलेलं दार). युजरनेम रूट, पासवर्ड एक्ससी३५११. ज्यांनी डीव्हीआरच्या दुनियेत थोडं डोकं घातलंय त्यांना हा पासवर्ड तोंडपाठ असेल, मिराईच्या यादीत तो अगदी वरच आहे. आत आल्यावर त्याने ओळीने टाइप केलं: एनेबल, सिस्टिम, शेल, एसएच, आणि मग बिझीबॉक्स मिराई. बिझीबॉक्स म्हणजे अशा छोट्या यंत्रांतल्या लिनक्स कमांडचा एकत्र संच, मिराई नावाचा प्रोग्रॅम त्यात नसतोच, त्यामुळे खरं यंत्र उत्तर देतं 'मिराई: अ‍ॅपलेट नॉट फाउंड', आणि त्याला तेवढंच हवं असतं, म्हणजे समोर खरंच शेल आहे याची खात्री. कौरीने ते उत्तर दिलं. पाहुणा लगेच निघून गेला. थोड्या वेळाने परदेशातल्या भाड्याच्या सर्व्हरवरून दुसराच कोणी आला, त्याने पासवर्ड शोधायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, पहिल्याच फटक्यात बरोबर टाकला, लिहिण्याजोगा फोल्डर कुठला ते तपासलं आणि चिपला जुळणारी फाइल उतरवायला लागला. मिराईचं काम असंच वाटून दिलेलं असतं, बाधित यंत्र फक्त नवं सावज शोधतं आणि पत्ता-पासवर्ड वर कळवतं, घुसवायचं काम दुसऱ्याचं.

म्हणजे जो स्थानिक पत्ता होता तो हल्लेखोर नव्हेच, तो स्वतःच बळी होता. हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं आणि पुढे सगळं वागणं त्याप्रमाणे ठेवलं.

खात्री करायला पॅकेट कॅप्चर काढलं, म्हणजे येणाऱ्या डेटाचे तुकडे जसेच्या तसे नोंदवले. मिराईच्या स्कॅनरची एक सवय आहे, कनेक्शन उघडायच्या पहिल्या पॅकेटमध्ये जो सिक्वेन्स नंबर असतो तो साधारणपणे कसाही असतो, पण मिराई तिथे ज्याच्याकडे जायचं त्याचाच आयपी पत्ता घालते. आमच्याकडे आलेल्या पॅकेटमध्ये तो नंबर उलगडला तर आमचाच आयपी. संशयाला जागा राहिली नाही. पण एक गोष्ट खटकत होती. मूळ मिराई पत्ते रँडम निवडते, आयपीव्ही४ चे एकूण पत्ते ४२९ कोटी, मग एकच यंत्र आमच्या एवढ्याशा हनीपॉटवर परत परत कसं येतं? त्याचा अर्थ हा बदललेला कोड, आपल्या आजूबाजूच्या पत्त्यांना जास्त धरणारा. ही युक्ती जुनी आहे, २००१ चा कोड रेड २ हा आपोआप पसरणारा वर्म निम्म्या वेळा आपल्याच मोठ्या पट्ट्यातले पत्ते निवडायचा, आणि आणखी बऱ्याच वेळा त्याहून जवळचे. शेजारच्यांना धरलं की एका कंपनीने सगळीकडे बसवलेली एकसारखी यंत्रं पटापट सापडतात. आणि आपल्याकडे उत्तर गोव्यात किनारपट्टीला सीसीटीव्ही बसवणारे तेच तेच चारपाच जण, माल पण तोच, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

इथून पुढचं श्रेय टीचरांचं. त्यांना सवय अशी की लॉगचा तक्ता करून रोज बघायचा. त्यांना दिसलं की या पत्त्यावरून येणं अधूनमधून एकदम थांबतं, काही वेळ शांत, मग पुन्हा सुरू. पेडण्यात पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते त्या स्वतः भोगतात, त्यांनी त्या वेळा आपल्या घरच्या लाइट गेलेल्या वेळांशी लावून बघितल्या आणि जुळल्या. म्हणजे यंत्र बहुतेक त्यांच्याच बाजूला आहे! आधी वेर्ण्याचा मित्र म्हणाला की लाइट गेली तर कंपनीचं नेटच बंद पडलं असेल, त्यात यंत्राचं काय. बरोबर प्रश्न होता. पण नुसतं नेट बंद असतं तर लाइट आल्यावर लगेच सुरू व्हायला पाहिजे होतं. इथे लाइट आल्यावरही बराच वेळ शांतता, आणि एकदा तर परत सुरू झालं तेव्हा बिझीबॉक्सनंतरचा शब्द मिराई नव्हता, सोरा होता. सोरा ही मिराईचीच दुसरी जात.

ते का होतं ते समजलं की हे प्रकरण सगळं डोळ्यांसमोर येतं. मिराई फक्त मेमरीत राहते, डिस्कवर काही ठेवत नाही, आपली फाइलसुद्धा पुसून टाकते. लाइट गेली, डीव्हीआर बंद, मिराई साफ. लाइट आली, डीव्हीआर चालू, एकदम स्वच्छ, पण पासवर्ड तोच आणि दार तसंच उघडं, त्यामुळे जो पहिला पोचेल त्याचा तो. गेस्ट हाऊस बंद, खोल्यांत कोणी नाही, नेट स्लो झालंय अशी तक्रार करायला पाहुणा नाही, म्हणून सीझनमध्ये कदाचित आठवड्यात लक्षात आलं असतं ते जूनपासून कोणाच्याच लक्षात आलं नाही. दर वेळी लाइट जाऊन ते यंत्र सुटायचं आणि परत पकडलं जायचं.

आता काय करायचं यावर आमच्यात बराच वाद झाला. आमच्यातला एक धाकटा मित्र म्हणाला, पासवर्ड आपल्याला माहीत आहे, पत्ता माहीत आहे, दोन मिनिटांचं काम, आत जाऊन टेलनेट बंद करून येऊया, त्यांचं भलंच होईल. त्याचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण आयटी अ‍ॅक्ट २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय आत जाणं हेच बसतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं तर ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. आपला हेतू चांगला होता हे पोलीस स्टेशनात बसून कोणाला पटवायचं? आणि कायदा बाजूला ठेवला तरी मला हा मार्गच चुकीचा वाटतो. २०१७ मध्ये ब्रिकरबॉट नावाचा प्रकार आला होता, करणाऱ्याचं म्हणणं की असुरक्षित यंत्रं मी इंटरनेटवरून साफ करतोय, आणि साफ म्हणजे कायमची निकामी. त्या जुलैमध्ये आपल्याकडे बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या हजारो गिऱ्हाइकांचे मोडेम त्यात बंद पडले. त्या घरांमधल्या कोणी त्याच्याकडे मदत मागितली नव्हती. दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा नाही, हनीपॉट चालवणाऱ्याने ऐकायचं आणि लिहायचं. शेवटी धाकट्यालाही ते पटलं.

मग कळवायचं काम. आयपी कोणाच्या नावावर आहे ते भारतीय रजिस्ट्रीत, आयआरआयएनएनमध्ये, बघता येतं, तिथे तक्रारीचा ईमेल असतो. मेल केला, उत्तर नाही. परत केला, नाही. तोपर्यंत सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेला सगळं पाठवलं, फाइलचा शा-२५६ हॅश (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा), वेळा, पत्ते. ज्या सर्व्हरवरून फाइल उतरत होती तो पत्ता यूआरएलहॉस या घातक लिंकची नोंद ठेवणाऱ्या साइटवर टाकला, तिथून होस्टिंगवाल्यांना परस्पर कळवलं जातं. पण पेडण्यातलं यंत्र आपल्या केबल कंपनीच्या हातात होतं, त्यांच्याशी बोलल्याशिवाय सुटणार नव्हतं.

इथे क्लिफर्ड स्टॉल आठवतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत कॉम्प्युटर वापराच्या हिशोबात ७५ सेंटचा फरक आला, त्याचा माग काढत हा माणूस जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत पोचला, आत घुसणाऱ्या त्या चोराला लाइनवर जास्त वेळ धरून ठेवायला त्याने खोट्या सरकारी फाइली बनवून ठेवल्या होत्या, एका अर्थी हनीपॉटच. पण त्या गोष्टीतला मला सगळ्यात खरा वाटणारा भाग म्हणजे फोन कंपन्या आणि सरकारी खाती यांना मनवताना त्याचे गेलेले महिने. पुरावा हातात असतो आणि दार उघडणारा कोणी मिळत नाही, ही आपली अडचण तेव्हापासूनची.

शेवटी आम्ही दोघं म्हापशाला त्यांच्या ऑफिसात प्रत्यक्ष गेलो. शुक्रवार होता, बाजाराचा दिवस, गाडी लावायला जागा नाही, पण ऑफिसात टेक्निकल बघणारा माणूस मिळाला आणि तो चांगला निघाला. मेल ज्या पत्त्यावर जात होते तो कोणी बघतच नव्हतं. त्याला आम्ही एक पान दिलं, फक्त एक. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्यातले लोक शंभर एमबीचा लॉग पाठवतात आणि मग म्हणतात की कोणी दखल घेत नाही. पानावर एवढंच: कुठल्या आयपीवरून, कुठल्या सोर्स पोर्टवरून, कुठल्या तारखेला किती वाजून किती सेकंदांनी, काय केलं. वेळ भारतीय प्रमाणवेळेत, कारण कौरी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितो आणि साडेपाच तासांचा फरक राहिला तर कंपनीचा माणूस भलत्याच गिऱ्हाइकाला पकडेल. सोर्स पोर्टही त्यासाठीच, एका आयपीमागे शंभर घरं असतील तर पोर्ट आणि सेकंद जुळल्याशिवाय घर सापडत नाही. कंपनीकडे जुने रेकॉर्ड असतात, २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावेच लागतात आणि ठराविक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. हे आम्ही धमकीच्या सुरात बोललो नाही. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या इंटरनेट कंपन्यांवर ट्रॅफिकचा पूर सोडला होता, एफआयआर झाला होता, ते त्याला आठवत होतं, आणि आपल्याच नेटवर्कात असली यंत्रं साठत गेली तर काय होतं ते त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

गिऱ्हाईक लगेच सापडलं कारण त्यांचाही स्टॅटिक आयपी होता. कोणाचा ते त्याने आम्हाला सांगितलं नाही, आणि बरोबर केलं. त्याने मालकांना फोन केला, त्यांनी परवानगी दिली, आणि मग मालकांनीच म्हटलं की ज्यांनी शोधलं त्यांनापण घेऊन या, मला समजावून सांगा.

काका सत्तरीच्या आसपासचे. चहा ठेवला, बसायला सांगितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "माझं काय चोरलं त्यांनी? कॅमेरे तर सगळे चालतात मरे." हा प्रश्न मला फार योग्य वाटतो, कारण खरंच त्यांचं काही गेलं नव्हतं. टीचर म्हणाल्या, "काका, तुमचं काही नेलं नाही, पण तुमच्या घरातून, तुमच्या नावावरच्या लाइनवरून लोक दुसऱ्यांना त्रास देतायत, आणि उद्या कोणी तक्रार केली तर पत्ता तुमचा निघेल." काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हाका कळूंक ना हें. आधी कोणी सांगायचं तरी." मग म्हणाले, करा काय करायचं ते, पण मुलाला कॅमेरे दिसले पाहिजेत, तो बोटीवर असतो, रोज एकदा घर बघतो.

सगळ्याचं मूळ त्यातच होतं. मुलाला फोनवर कॅमेरे दिसावेत म्हणून बसवणाऱ्याने स्टॅटिक आयपी घ्यायला लावला आणि राउटरमध्ये डीव्हीआरला डीएमझेडमध्ये टाकलं. एक टिक मारली की काम झालं, कुठलं पोर्ट उघडायचं ते शोधायला नको. पण डीएमझेड म्हणजे सगळीच पोर्ट उघडी, व्हिडिओचं पण आणि टेलनेटचं पण. काकांनी डीव्हीआरचा पासवर्ड बदललेला होता, बरं का, वहीत लिहून ठेवलेला, चांगला मोठा. त्याचा उपयोग शून्य, कारण स्क्रीनवरून बदलतो तो पासवर्ड वेगळा आणि टेलनेटचा वेगळा, तो फर्मवेअरमध्येच, म्हणजे कंपनीने यंत्रात घातलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, कोरलेला असतो, मेनूतून बदलताच येत नाही. इतकी काळजी घेऊनही माणूस सापडतो, याचा मला अजून राग येतो. असलं यंत्र बाजारात विकलंच जाऊ नये.

दुरुस्ती कंपनीच्या माणसाने केली, आम्ही बाजूला उभे. डीएमझेड काढलं, यूपीएनपी (यंत्रांना राउटरमधली पोर्ट आपोआप उघडू देणारी सोय) बंद केलं, राउटरचा स्वतःचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदलला, मुलाच्या फोनवर वायरगार्ड नावाचं व्हीपीएन घालून दिलं म्हणजे तो आधी घरच्या नेटवर्कात येईल आणि मग कॅमेरे बघेल, आणि हे सगळं झाल्यावर शेवटी डीव्हीआरचा प्लग काढून परत लावला. क्रम महत्त्वाचा आहे, आधी प्लग काढला असता तर राउटरमध्ये शिरेपर्यंत तो परत बाधित झाला असता. मुलाने बोटीवरून व्हिडिओ कॉल करून कॅमेरे दिसतात म्हणून सांगितलं तेव्हा काकांच्या जिवात जीव आला.

त्यानंतर पेडण्यात लाइट अर्थातच परत परत गेली. दर वेळी टीचर लॉग बघत होत्या. त्या पत्त्यावरून पुन्हा काही आलं नाही.

कंपनीने पुढे दोन गोष्टी केल्या. घरगुती गिऱ्हाइकांसाठी बाहेरून येणारं पोर्ट २३ सरसकट बंद केलं, कोणाला खरंच लागत असेल तर सांगून उघडून मिळतं. आणि शॅडोसर्व्हरकडे आपल्या आयपी पट्ट्यांची नोंद केली. नेटवर्क कोणाचं ते सिद्ध केलं की ते रोज फुकट रिपोर्ट पाठवतात, तुमच्या पट्ट्यातलं कुठलं यंत्र बाधित दिसतंय, कुठलं पोर्ट उघडं आहे वगैरे. गोव्यातल्या प्रत्येक केबल इंटरनेटवाल्याने हे केलं तर आमच्यासारख्यांना म्हापशाला खेपा घालायला लागणार नाहीत. पहिल्याच रिपोर्टात त्यांना आणखी काही पत्ते मिळाले, बहुतेक किनाऱ्यावरचेच, आणि त्या बसवणाऱ्यालाही बोलावून डीएमझेडचं समजावून सांगितलं असं ऐकलं.

आमचा हनीपॉट अजून चालू आहे, पण तो उत्तर गोव्यातल्या एकाच कंपनीच्या नेटवर्कात आहे. काणकोण, केपें, सांगें या बाजूला दुसऱ्या कंपनीचा स्टॅटिक आयपी असलेलं आणि एक जुना कॉम्प्युटर कायम चालू ठेवायची तयारी असलेलं कोणी असेल तर सांगा, फायरवॉल लावून द्यायला आणि पहिले काही आठवडे लॉग सोबत बसून वाचायला आम्ही येऊ.